भीतीचा जमाखर्च : डीफोच्या प्लेगविषयक कृतीचा एक विचार

डॅनियल डीफोच्या 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' (१७२२) या कृतीची चर्चा बहुधा ती इतिहास की कादंबरी, या प्रश्नाभोवती घुटमळते. लंडनची साथ १६६५ सालची. त्या वेळी डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता. तेव्हा निवेदकाचा अनुभव हा लेखकाचा नव्हे, हे उघड आहे. परंतु हा निवेदक खोगिरांचा व्यापारी आहे, ही गोष्ट अधिक विचारार्ह वाटते. दुकान व माल यांच्या काळजीने शहरात मागे राहिलेला हा मनुष्य मृत्यूंबरोबर देवघेवही मोजतो, आणि त्याच्या वहीत रोगाचा व रोगभयाचा हिशेब निरनिराळा पडतो.

भयाचा लाभ रोग पसरण्यापूर्वीच सुरू होतो. भाकिते छापणारे, ज्योतिषी, ताईत विकणारे, खात्रीच्या गोळ्यांच्या जाहिराती खांबाखांबांवर लावणारे वैदू या सर्वांची चलती होते. एक वैदू तर गरिबांस सल्ला फुकट देतो, औषधाचे मात्र पैसे घेतो. दुसरा लाभ परदेशीयांचा. स्पेन व इटलीमध्ये इंग्रजी मालाला मज्जाव होताच डच व फ्लेमिश व्यापारी इंग्लंडच्या निरोगी भागांतून तोच माल विकत घेतात आणि आपला म्हणून तेथे नेऊन विकतात. येथे इंग्रज व्यापाऱ्याला बुडविले ते रोगाने नव्हे, तर रोगाच्या वार्तेने.

तोटा कोसळतो तो मुख्यतः हातावर पोट असणाऱ्यांवर : फिती विणणारे, शिंपी, खलाशी, गवंडी, आणि मालक शहर सोडून गेल्यावर निराधार झालेले नोकर व मोलकरणी. त्यांना उरलेली कामे म्हणजे बंद घरांवर पहारा, रुग्णांची शुश्रूषा व प्रेतांची वाहतूक. अर्थात रोगाच्या सर्वांत जवळची.

निवेदकाला त्यांच्याविषयी कणव आहे. तथापि या वर्गातील तीस-चाळीस हजार माणसे साथीने नेली नसती, तर त्यांच्या दारिद्र्याचा भार असह्य झाला असता, असेही तो लिहून जातो. यास केवळ निष्ठुरता म्हणून भागणार नाही. ज्या वहीत तो हिशेब मांडतो, तीत मजूर जिवंत असता खर्च ठरतो आणि मेल्यावर बचत.

डीफोने हे लिहिले तेव्हा १७२० मध्ये मार्सेय येथे उद्भवलेल्या प्लेगची धास्ती इंग्लंडात होती. प्लेगच्या पूर्वतयारीवरील दुसरे पुस्तकही त्याने १७२२ मध्येच प्रसिद्ध केले. भाकिते छापून पैसे मिळविणाऱ्यांस दोष देणारा निवेदक आपल्या निर्मात्याला त्या यादीत घालीत नाही. एवढ्याने ग्रंथाचे मोल कमी होत नाही. कारण भाकीतकार भय वाढवून विकतात, तर डीफो भयाची किंमत कोणी चुकविली हे दाखवितो. मात्र ज्यांनी ती सर्वाधिक चुकविली, त्यांचा हिशेब त्यांच्या बाजूने मांडणे त्याला साधलेले नाही. या कृतीची मर्यादा शोधावयाची, ती तेथे.