वजनकाट्याची साक्ष

माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणाची एक वही माझ्याकडे आहे. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात वहिनीने रोज सकाळी अण्णांचे वजन लिहून ठेवले आहे. जानेवारीत ६४ किलो, जूनमध्ये ६४, गणपतीच्या सुमारास ६५. लिव्हर सिरॉसिसचे निदान होऊन दीड वर्ष झाले होते आणि वजन टिकून आहे याचा आम्हा सगळ्यांना मोठा आधार वाटत होता. मग एके दिवशी रुग्णालयात त्यांच्या पोटातले पाणी काढले. सहा लिटर. दुसऱ्या दिवशीच्या पानावर ५९ हा आकडा आहे. अण्णा त्यानंतर चार महिने होते.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेतून पदवी घेऊन आयुष्यभर इतरांचे जमाखर्च लिहिले. त्या धंद्यात एक चूक फार घातक असते : बेरीज जुळते, पण रक्कम चुकीच्या खात्यावर पडलेली असते. वहिनीची वही तशी होती. अण्णांचे मांस आणि चरबी खर्ची पडत होती, पाणी जमा होत होते आणि बेरीज जुळत होती. ही वही कपाटात ठेवल्यापासून मी या विषयावरचे शोधनिबंध शब्दकोश शेजारी घेऊन वाचत आलो. त्या वाचनात एक प्रश्न पुन्हा पुन्हा भेटला : सिरॉसिसच्या रुग्णाच्या अंगावर चरबी असणे चांगले की वाईट? जाड रुग्ण अधिक जगतात असे काही ठिकाणी दिसले आणि त्याला ‘लठ्ठपणाचा विरोधाभास’ असे नावही मिळाले. माझे म्हणणे असे, की हा विरोधाभास शरीरात थोडा आणि मोजमापात फार आहे.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत चरबी हा शब्द जवळजवळ शिवीच्या काठावर उभा आहे. माजलेल्या माणसाला आपण ‘चरबी चढली’ म्हणतो. आनंद झाला की मात्र अंगावर मूठभर मांस चढते. आणि तान्ह्या मुलाच्या गालादंडांवर जे चढते ते बाळसे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने बाळसे म्हणजेही चरबीच, त्वचेखालची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही गणना निंद्य शरीरांत केली आहे. पण दोहोंत निवडायचेच तर कृश बरा, असा तिथला कौल आहे. आपल्या घराघरांत हाच कौल चालत आला. सिरॉसिस हा आजार तो कौल उलटा करतो, पण सरसकट नाही. कोणती चरबी, कोणाच्या अंगावरची आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावरची, हे विचारल्याखेरीज उत्तर मिळत नाही.

टप्प्यापासून सुरुवात करतो. यकृत निबर झाले, तरी काही काळ ते काम निभावून नेते. या काळात लठ्ठपणा शत्रूच असतो. अनालिसा बेर्झिगोत्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले, की या अवस्थेतल्या लठ्ठ रुग्णांचा तोल इतरांपेक्षा अधिक वेळा सुटतो. म्हणजे पोटात पाणी होणे, रक्तस्राव, भ्रम असे प्रकार सुरू होतात. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासात १६ आठवड्यांचा आहार आणि व्यायाम यांनी वजनाबरोबर यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाबही उतरला. पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीचे रक्त थेट त्या शिरेतून यकृतात जाते. तिथली स्निग्धाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये आधीच थकलेल्या यकृताला झेलावी लागतात.

तोल सुटल्यावर हिशेब बदलतो. निरोगी यकृत दिवसा साखरेचा साठा करते आणि रात्री तो थोडा थोडा सोडते. निबर यकृताची ही कोठी लहान होते आणि मध्यरात्रीच रिकामी पडते. मग शरीर चरबी जाळते आणि साखर तयार करण्यासाठी स्नायू मोडते. ऑलिव्हर ओवेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली नोंदवले, की सिरॉसिसच्या रुग्णाची एका रात्रीची उपाशी अवस्था निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी असते. रोज रात्री तीन दिवसांचा उपास घडत असेल, तर ज्याच्या अंगावर शिल्लक आहे तो अधिक टिकेल, यात विरोधाभास कसला? इटलीत २१२ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दंडाच्या स्नायूचा घेर आणि दंडामागच्या कातडीच्या चिमटीची जाडी, एवढेच त्यात मोजले होते. ज्यांचे स्नायू किंवा चरबी फार झिजली होती, ते लवकर गेले.

कॅनडातल्या एडमंटन येथे आल्दो मोन्तानो-लोझा यांच्या गटाने हेच काम सीटी स्कॅनवर केले. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतलेल्या एका छेदात स्नायू, कातडीखालची चरबी आणि आतली चरबी वेगवेगळी मोजता येते. त्या गटातल्या मरियम इबादी यांच्या २०१८ च्या निबंधाने मला थबकवले. सहाशेहून अधिक रुग्णांत स्त्रियांच्या बाबतीत कातडीखालची चरबी कमी असणे मृत्यूशी जोडलेले दिसले. पुरुषांत हे नाते चरबीऐवजी स्नायूंशी होते. म्हणजे स्त्रीचे शरीर आधी बाळसे खर्च करते, पुरुषाचे आधी मांस. ‘चरबी’ या एका शब्दाखाली आपण किती वेगळ्या गोष्टी कोंबतो, ते इथे कळते.

आता टीका. पहिला आक्षेप असा, की रोडावला म्हणून रुग्ण दगावला, की दगावण्याच्या वाटेवर होता म्हणून रोडावला? मागे वळून केलेल्या पाहण्या याचे उत्तर देऊ शकत नाहीत. आजार वाढला की भूक मरते. मग रोडपणा हे कारण नसून खूणही असेल. दुसरा आक्षेप, हे स्कॅन बहुधा दुसऱ्याच कामासाठी काढलेले असतात, त्यामुळे ज्यांचे स्कॅन झाले तेवढेच रुग्ण मोजले जातात. तिसरा आक्षेप आपल्याशी संबंधित आहे. वजन आणि उंचीवरून काढलेला बॉडी मास इंडेक्स जिथे वापरला आहे, तिथे पोटातले पाणीही लठ्ठपणात धरले जाण्याचा धोका असतो. वहिनीच्या वहीत हेच झाले. आणि पाणी नसतानाही हा आकडा भारतीय शरीराबद्दल फारसे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच दाखले छापले होते. दोघांचाही इंडेक्स २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. परदेशी रुग्णांवरून ठरवलेल्या सीमारेषा आपल्यावर जशाच्या तशा लावण्यापूर्वी हे छायाचित्र आठवावे.

पण माझी खरी तक्रार याहून जुनी आहे. चाइल्ड आणि टर्कॉट या अमेरिकी शल्यविशारदांनी १९६४ साली सिरॉसिसची तीव्रता ठरवण्यासाठी पाच कसोट्या दिल्या. त्यांतली एक पोषण ही होती : उत्तम, बरे, वाईट. ‘वाईट’पुढे त्यांनी झिजलेला असा खुलासाही केला होता. १९७३ साली लंडनच्या प्यू आणि सहकाऱ्यांनी पोषण काढून तिथे रक्त गोठण्याचा वेळ घातला. बघणाऱ्याच्या नजरेपेक्षा प्रयोगशाळेचा आकडा पक्का, हा विचार चुकीचा नव्हता. पुढे मेल्ड नावाचे गणित आले. २००२ पासून अमेरिकेत यकृतरोपणाची रांग त्यावर लागू लागली. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचे प्रमाण, सगळे आकडे. गंमत अशी, की क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होते. स्नायू झिजले की ते कमी भरते आणि रुग्ण कागदावर बरा दिसतो. स्त्रियांवर याचा अन्याय झाला. २०२३ पासून तिथे वापरात आलेल्या सूत्रात स्त्रियांना जादा गुण देण्याचे एक कारण हेच. नजरेची कसोटी काढून टाकली आणि तिची उणीव भरून काढायला पन्नास वर्षांनी लाखमोलाचे यंत्र आणावे लागले.

हे सगळे वाचताना आमचे स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. डाळ ‘लिव्हरला जड’ म्हणून आम्ही ती बंद केली होती. कोणी सांगितले आठवत नाही. सगळ्यांना ते माहीतच होते. संध्याकाळी सातला मऊ भात आणि पातळ ताक, मग सकाळी आठच्या चहापर्यंत काही नाही. अण्णांनी एकादशीही सोडली नव्हती. बार्सिलोनाच्या २००४ च्या चाचणीत, आजार मेंदूपर्यंत पोचलेल्या रुग्णांतही प्रथिने तोडून काही फायदा झाला नव्हता. उलट शरीरातली प्रथिने अधिक मोडली. स्नायू अमोनिया शोषून घेतात, म्हणून मांस गेले की भ्रमाचा धोका वाढतो. ऑकलंडच्या २००८ च्या प्रयोगात एकच पूरक आहार काहींना दिवसा, काहींना झोपण्यापूर्वी वर्षभर दिला. रात्री घेणाऱ्यांच्या अंगात प्रथिनांची भर पडली, दिवसा घेणाऱ्यांच्या नाही. आज युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या सूचना किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि झोपण्यापूर्वी खाणे सुचवतात. आमच्या घरात दोन्ही गोष्टी नेमक्या उलट चालल्या होत्या आणि आम्ही त्याला पथ्य म्हणत होतो.

वेगळे वागलो असतो तर अण्णा वाचले असते, असे मी म्हणणार नाही. वर घेतलेला पहिला आक्षेप मलाही लागू आहे. पण एक गोष्ट नोंदवायची राहिली. वही चाळताना जुलैच्या एका पानावर, ६४ या आकड्याखाली, वहिनीच्या अक्षरात एक ओळ सापडली : ‘अंगठी सैल, दोरा गुंडाळला.’ पंधरा दिवसांनी पुन्हा : ‘आणखी दोरा.’ ती रोज काट्यावर विश्वास ठेवत होती आणि तिचे डोळे रोज दुसरेच काही पाहत होते. चाइल्ड आणि टर्कॉट यांच्या तक्त्यात त्या नोंदीला जागा होती. आमच्यापैकी कोणी तिला विचारलेही नाही.