‘दासी’चा होकार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा दोन मुद्द्यांवर थांबते : धर्मांतराचा इतिहास आणि संतकाव्याचा प्रभाव. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले, एवढे सांगितले की विवेचन संपते. त्या वाटेने जाताना भक्तीच्या शब्दांचे काय झाले, हा प्रश्न तसाच राहतो. ईश्वरेच्छेला नम्रपणे दिलेला होकार ही ख्रिस्ती श्रद्धेतील गाभ्याची कल्पना होय. मराठीत ‘शरणागती’ हा तयार शब्द हाताशी असल्यामुळे तिचे वेगळेपण नजरेआड होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या होकाराचे मूळ उदाहरण लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. देवदूताचा निरोप ऐकून मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणवते. मराठी बायबलमधील हा ‘दासी’ शब्द आपल्या वाचकाला कोरा मिळत नाही. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले नरसी हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव मानले जाते, त्या नामदेवांच्या घरी राबणाऱ्या गंगाखेडच्या जनाबाईने ‘नामयाची दासी’ ही नाममुद्रा घेऊन त्या शब्दाला आधीच घडवले होते. जनाबाईचे दास्य भक्तीच्या आधीचे आहे; ते दळणकांडणाचे, शेणगोवऱ्यांचे सामाजिक वास्तव आहे. मुद्रेत दास्य नामदेवाचे, विठ्ठलाशी नाते मात्र हक्काचे, प्रसंगी भांडणाचे. तो तिच्या जात्यापाशी येऊन बसतो.

मरिया कोणाच्या घरची दासी नव्हे. नाझरेथची ही वाग्दत्त मुलगी तो शब्द स्वतःहून उचलते, आणि तोही हे कसे घडेल असे विचारल्यानंतर. त्याच अध्यायात जखऱ्याही प्रश्न करतो व मुका होतो. पण तो खात्रीसाठी पुरावा मागतो. मरिया घडण्याची रीत विचारते. संहितेत प्रश्न आधी व संमती नंतर येते, हा क्रम महत्त्वाचा. होकार म्हणजे ओढवलेले प्राक्तन सोसणे नव्हे. ते एका हाकेला दिलेले उत्तर आहे.

येथे एक आक्षेप रास्त ठरतो. जे आधीच दबलेले आहेत त्यांना, आणि विशेषतः स्त्रियांना, नम्रतेचा उपदेश करणे म्हणजे त्यांचे दास्य पवित्र करणे नव्हे काय? धर्मसंस्थांच्या व्यवहारात तसे घडले आहे, हे नाकारता येत नाही. परंतु संहिता तेथे थांबत नाही. होकार देणारी हीच मरिया पुढे बलवंतांना सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या आणि दीनांना उचलणाऱ्या देवाचे स्तोत्र गाते. त्या स्तोत्राविना ‘दासी’ वाचणे हे अर्धे वाचन होय.

मराठीत या कल्पनेची खरी कसोटी लागते ती काव्यापेक्षा गद्यात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आपल्यापुरता दिलेल्या होकाराची किंमत लक्ष्मीबाईंना ताटातुटीने आणि लोकनिंदेने मोजावी लागली. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ ही किंमत लपवीत नाहीत, तिचे भांडवलही करीत नाहीत. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधल्या काळात त्यांचा विरोध आहे, सोवळेओवळे आहे, आणि जातिभेद देवाने केला की माणसाने, हा स्वतःच्या बुद्धीने सोडवलेला प्रश्न आहे. पतीच्या मागोमाग जाणे हा पतिव्रताधर्म झाला असता. त्यांनी आधी नकार जगून पाहिला. टिळकांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्णत्वास नेले, ही घटना म्हणूनच केवळ पत्नीच्या निष्ठेची मानता येत नाही.

तेव्हा मराठी ख्रिस्ती लेखनातील नम्रता वाचताना विचारावयाचे ते हे : या होकारापूर्वी नकाराला जागा होती काय? जेथे ती होती, तेथेच ‘दासी’ हा शब्द स्वाधीन स्त्रीचा शब्द ठरतो. जनाबाईने ती जागा भांडून मिळवली, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे थांबून.