बेंजोचं स्वतःचं गाणं

साताऱ्या-सांगलीकडं रॉक बँड कुठं आहे, असं कुणी विचारलं तर मी त्याला लग्नसराईत तासगाव नाहीतर कोरेगावच्या बाजूच्या एखाद्या गावात वरातीला नेईन. टेम्पोवर जनरेटर, त्याच्यामागं स्पीकर, कच्छी ढोल, ताशा, ऑक्टोपॅड, आणि मधोमध बेंजोवाला. वीज, तार आणि ताल एवढ्यावर उभं राहिलेलं संगीत म्हणजे रॉक असेल, तर ते आपल्याकडं पन्नास-शंभराच्या घोळक्यात, धुळीत वाजतंय. समीक्षेनं मात्र त्याच्याकडं कधी नीट कान दिलेला नाही.

हा बेंजो अमेरिकन नव्हे. १९१२ साली जपानमधल्या नागोयात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य केलं, त्याचाच हा वंशज. आपल्याकडं तो बुलबुलतरंग म्हणून आला आणि पिकअप बसवून वरातीत शिरला. डावा हात टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. बटणांमुळं मींड जवळजवळ निघतच नाही, आणि तारेचा सूरही लगेच विरतो. तो लांबवायचा तर उजवा हात सतत थरथरता ठेवावा लागतो. खरा वादक कोण आणि नुसता वाजवणारा कोण, ते इथंच कळतं. ॲम्प्लिफायर ताणला की आवाज फाटतो, त्याला करकरीत कड येते. शहरातले गिटारवाले याच फाटक्या आवाजासाठी पैसे मोजून पेडल विकत घेतात.

तालाची बाजू तर याहून भक्कम. हलगी, घुमकं, कैताळ हे सांगली-कोल्हापूरकडचं त्रिकूट मी कुठल्याही ड्रमसेटसमोर उभं करीन. वाजवण्याआधी हलगी जाळावर धरतात. कातडं तापून ताणलं जातं, वादक बोटानं एकदा टिचकी मारतो, मान हलवतो, पुन्हा धरतो. कुस्तीच्या मैदानात तिचा कडकडाट सुरू झाला की बसलेला माणूस उठून उभा राहतो.

एवढं सगळं असून माझी तक्रार आहे, आणि ती आपुलकीपोटी आहे. बेंजो वाजवणाऱ्या या पोरांच्या हातातलं गाणं त्यांचं नाही. २०१६ सालच्या ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ घ्या. वरातीचा ठेका सिनेमात गेला, मोठा होऊन परत आला आणि आता प्रत्येक बेंजोपार्टीला तोच वाजवावा लागतो. सुपारी देणारा यादी देतो, पार्टी ती वाजवते. त्याच वर्षी रवी जाधव यांनी ‘बँजो’ सिनेमा काढला, वादकांची हलाखी पडद्यावर आली, पण गावच्या पार्टीच्या यादीत त्यानं नवी चाल आणली नाही.

आणि हा मुलूख चाली उसन्या घेणारा नव्हता. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव स्वतः लावण्या रचत होते. त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकरांच्या साथीनं १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभं केलं. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे मुक्तनाट्यापर्यंत पोचले. डफ, तुणतुणं, ढोलकी आणि आपले शब्द. मालकाची किंवा सरकारची मर्जी न सांभाळता आपलं म्हणणं मांडणारी मंडळी म्हणजे स्वतंत्र बँड, आणि या अर्थानं आपला पहिला स्वतंत्र बँड कलापथकच.

शहरातल्या मराठी बँडची अडचण उलटी आहे. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ झाला, पुण्यात २०१० साली ‘एनएच ७ वीकेंडर’ सुरू झाला, मंच मिळाले. ‘अभंग रीपोस्ट’सारख्या बँडनं संतांचे अभंग बास आणि ड्रम्सवर घेतले. ते मला मनापासून आवडतं, कारण अभंगाची लय त्यात चेपली जात नाही. पण शेकडो वर्षांपूर्वीच्या शब्दांवर किती दिवस राहायचं? ऊस, भाडं, स्पर्धा परीक्षा, मोडलेलं लग्न, यांवर मराठी रॉक अजून मोकळेपणानं गात नाही.

मिरजेचं तर मला फारच वाटतं. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथंच दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. न्यूयॉर्कचा संगीतकार ला माँट यंग त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा निस्सीम भक्त. एकच सूर तासन्‌तास धरून ठेवणाऱ्या यंगच्या मंडळीत जॉन केल होता, आणि पुढं तोच ‘वेल्वेट अंडरग्राउंड’ या रॉक बँडमध्ये गेला. धागा बारीक आहे, पण आहे. असं असून मिरजेपासून तासाभराच्या अंतरावरचा बेंजोवाला तंबोऱ्याचा षड्ज कधी आपल्या वाद्याखाली लावून बघत नाही, आणि त्याला तसं बघ म्हणून कुणी सांगतही नाही.

मधल्या काळात डॉल्बी आला. त्याला माणूस लागत नाही, एक पेनड्राइव्ह पुरतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम दोघांनाही सारखाच, पण सुपारी जाते ती बेंजोची. पार्टीतली पोरं मग गवंड्याच्या हाताखाली नाहीतर ऊसतोडीला जातात, आणि बोटं कडक होतात.

तरीही एक गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. वरात थांबलेली असते, जनरेटरमध्ये डिझेल भरायचं असतं, नवरदेवाचे मित्र पाणी प्यायला गेलेले असतात. तेवढ्यात हलगीवाला सहज हात चालवतो. जनरेटर पुन्हा धडधडला की बेंजोवाला त्याच्या मागं जातो. कुठल्याच सिनेमातली नसलेली एक चाल पाच-सात मिनिटं वर चढत जाते, ताशा तिला अडवतो, घुमकं खालून ढकलतं. मग कुणीतरी येऊन ओरडतं, ‘झिंगाट लाव रं!’ आणि ती तिथंच तुटते. मी एकदा बेंजोवाल्याला त्या चालीचं नाव विचारलं. ‘नाव कसलं, हात मोकळा करत होतो,’ तो म्हणाला, आणि तार पुन्हा सुरात लावायला लागला.