स्मरणिका : एक परीक्षण

आमच्या पाचगणीच्या निवासी शाळेतल्या वर्गबंधूंनी काढलेली स्मरणिका परवा हाती पडली. पानं साठ, पैकी वीस जाहिरातींची. वाङ्मय म्हणून पाहावं, तर नायक चाळीस आणि कथानक एकच : नोकरी, बढती, बंगला, मुलगा अमेरिकेत. खलनायक औषधालाही नाही. आम्हाला पट्टीने झोडपणारा मॉनिटरसुद्धा इथे 'कुटुंबवत्सल' झालाय!

त्याच गावच्या सेंट पीटर्समध्ये १९५८ साली फारुख बलसारा या मुलाने दोस्तांसह 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. आमच्या संपादकांनी त्याचंही 'व्यवसाय गायन, मुक्काम लंडन, अपत्ये नाहीत' एवढ्यावरच भागवलं असतं.

पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून आम्ही सगळेच रडलो होतो. त्याबद्दल कुणाची एक ओळ नाही.

अपवाद पान सत्तेचाळीस. 'पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. वरणभात करायला शिकलो. कुणी आलं तर बरं वाटेल.' बस्स. जागा उरली म्हणून छापलं असावं. पण सबंध अंकात वाङ्मय म्हणाल तर तेवढंच.

परीक्षण इथेच आवरतो. रविवारी वरणभाताला जायचंय. तूप मी नेणार आहे.