भुताचं आपण काय देणं लागतो?

‘मुंज्या’ मी भरल्या थिएटरात पाहिला. भूत आलं की किंचाळी, भूत गेलं की विनोद. भीती आणि हसू पाळ्या लावल्यासारखी कामावर येत होती आणि एकमेकांची ओळखही दाखवत नव्हती. घरी येताना मात्र मला आठवत होती फक्त त्यातली आजी. झाडाखाली बहिणीचा बळी द्यायला निघालेला गोट्या स्वतःच मरतो, बहीण, म्हणजे हीच आजी, वाचते, संसार करते, नातवाला मांडीवर खेळवते. भावाच्या मरणावर उभं राहिलेलं हे सगळं आयुष्य! दिग्दर्शक आदित्य सरपोतदारने तिच्यावर जरा जास्त वेळ कॅमेरा ठेवला असता तर? पण नातू बिट्टू निष्पाप, त्याच्यावर भूत बसतं ते केवळ वारशाने. ज्याने काही केलंच नाही, त्याच्या मागे लागलेल्या भुताला मी तरी कशाला घाबरू?

याच लाटेतल्या ‘स्त्री २’ने २०२४ मध्ये तिजोऱ्या भरल्या, तिच्याबद्दल तिजोरीवाल्यांनी बोलावं. ‘भूल भुलैया ३’मधलं मला पॉपकॉर्न आठवतं.

हसू आणि भीती एकाच पोटातून कधी निघतात, ते २०१८च्या ‘अंधाधुन’मध्ये बघा. आकाश आंधळ्याचं सोंग घेऊन पियानो वाजवतोय. समोर प्रेत पडलंय. मेलेल्याची बायको सिमी आणि तिचा यार मुकाट्याने पुसापुशी करताहेत, प्रेत बॅगेत कोंबताहेत, आणि हा वाजवतोच आहे, कारण थांबला तर दिसलं हे कबूल होईल. पुढे तक्रार द्यायला पोलीस चौकीत जातो, तर समोरचा साहेब म्हणजे सिमीचा तोच यार, तोच खुनी. मग गडी खून झालेल्या माणसाऐवजी आपल्या मेलेल्या मांजराची कहाणी सांगतो. थिएटर हसतं, मीही हसलो, आणि हसताना हातापायांना मुंग्या आल्या. श्रीराम राघवनने यात भूत आणलेलं नाही. गरजच काय? आकाशचं खोटं हेच त्याच्या मानगुटीवर बसलंय. जीव वाचवायचा तर खोटं चालू ठेवायचं, आणि खोटं चालू ठेवलं की पापात भागीदारी.

त्याच वर्षीचा ‘तुंबाड’ही याच जातीचा. लोक त्यातल्या पावसाचं आणि अंधाराचं कौतुक करतात, मला त्यातला धंदा आवडतो. विनायकराव मुलाला शापित हस्तर कोंडलेल्या गाभ्यात उतरायची तालीम देतो, दुकानदाराने पोराला गल्ल्यावर बसवावं तशी. कणकेची बाहुली टाकायची, हस्तर खाण्यात गुंतला की मुद्रा लुटायच्या. पोरगं हुशार, म्हणतं, एकच का, पुष्कळ बाहुल्या नेऊ. धंदा वाढवायची ही कल्पना ऐकून मला आधी हसू आलं, मग पुढचं दिसलं. राही अनिल बर्वेचा हा सिनेमा २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. म्हणजे ‘लोकांना हलकंफुलकंच हवं असतं’ हे निर्मात्यांचं पालुपद आता पुरे.

निष्पापामागे लागलेल्या भुताला मी घाबरत नाही म्हटलं की ‘झपाटलेला’ तोंडावर फेकला जाईल. त्यातला लक्ष्याही निष्पापच होता ना? होता. पण १९९३ साली महेश कोठारे एका बोलक्या बाहुल्याचा धिंगाणा दाखवत होते, लोककथेतलं दुःख उकरल्याचा आव आणत नव्हते. मुंज्याचं तसं नाही. सोडमुंज होण्याआधी गेलेलं पोर पिंपळावर बसतं, ही समजूत ज्या समाजाने घडवली त्याला त्या पोराबद्दल काहीतरी टोचत असणार. ते टोचणं काढून संगणकावर बनवलेला गोळा आमच्या अंगावर सोडायचा, आणि वर म्हणायचं ही मातीतली भीती! ज्या रंगभूमीने १९६७ मध्येच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या पोरखेळाला हसता हसता माणूस कसा सोलला जातो ते दाखवलं, तिच्या प्रेक्षकाला तुम्ही इतकं भोळं समजता?

त्यापेक्षा त्या आजीला द्या सिनेमा. सत्तर वर्षं तिने भावाबद्दल घरात काय काय सांगितलं असेल? सणासुदीला पानं मांडताना एखादं जास्तीचं मांडलं असेल का, आणि सुनेने विचारल्यावर ‘मोजायला चुकले गं’ म्हणून हसली असेल का?