मानीव कीं अभिमत ?

इंग्रजी कायदा मराठींत उतरवितांना जे शब्द घात करतात, त्यांत ‘डीम’ हें क्रियापद आम्हांस सर्वांत फसवें वाटतें. शब्द लहान, आणि मानणें, समजणें, लेखणें असे तीन निरुपद्रवी प्रतिशब्द कोणासही सहज सुचणारे. मग अडचण कोठें आहे ?

या शब्दाचें कूळ न्यायासनाचें आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ निवाडा करणें असाच होता. ‘डूम’ हा त्याचाच भाऊबंद. अंतिम न्यायाच्या दिवसास ‘डूम्सडे’ म्हणतात तें यामुळेंच, व आइल ऑफ मॅन बेटावरील न्यायाधीश अद्यापहि ‘डीम्स्टर’ म्हणवितात. पुढें निवाड्याचा अर्थ झिजून नुसतें मत उरलें. ऐट मात्र गेली नाहीं. ‘मला योग्य वाटतें’ असें म्हणणारा आपल्या शेजारीं बसलेला असतो. तेंच या क्रियापदानें सांगूं लागला कीं तो खुर्चीवर चढतो. (त्याच्यामागें ‘ॲज’ जोडण्याची आपल्याकडील खोड अगदींच अनावश्यक आहे.)

कायद्यांत त्याचें काम निराळेंच. कधीं तें केवळ शंका मिटवितें. कधीं तें गृहीत धरतें. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या २७ व्या कलमाप्रमाणें, पत्ता नीट लिहून, टपालहंशील भरून रजिस्टर टपालानें पाठविलेली नोटीस पोंचली असें धरलें जातें, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि कधीं, जें नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे, तें आहे असें धरून चालण्याची तें आज्ञा करतें. लॉर्ड ॲस्क्विथ यांनीं १९५१ सालीं एका निकालांत सांगितलें कीं, अशी कल्पना करण्यास कायद्यानें सांगितलें म्हणजे तिचे परिणामहि पत्करले पाहिजेत, मध्येंच बुद्धीनें अडून चालणार नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९५३ सालीं मुंबई सरकार विरुद्ध पांडुरंग विनायक या खटल्यांत तेंच तत्त्व उचललें.

ही कल्पना मराठी मनास परकी नाहीं. मानलेल्या भावास बहीण ओवाळते तेव्हां तो सख्खा नाहीं हें दोघांसहि ठाऊक असतें. तरी ओवाळणी त्यास चुकत नाहीं. नातें मानलेलें, पण कर्तव्य खरें ! म्हणून ‘मानीव’ हा शब्द आम्हांस फार पसंत आहे. कोरीव, आखीव, ऐकीव यांच्या पंक्तींत तो सहज बसतो. बांधकाम करणारा इमारतीची मालकी रहिवाशांच्या संस्थेच्या नांवें करून देत नाहीं, म्हणून महाराष्ट्रांत २००८ च्या दुरुस्तीनें जी तोड काढण्यांत आली, तिला ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणतात. उत्तरार्ध जिभेस जड आहे खरा. परंतु पूर्वार्धानें रहिवाशास नेमकें कळतें कीं, करून दिलेलें नसतां करून दिलें असें मानलें गेलें आहे.

विद्यापीठांच्या बाबतींत मात्र तोच इंग्रजी शब्द ‘अभिमत’ झाला. अभिमत म्हणजे संमत, इष्ट, पसंत पडलेलें. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यांतील तिसरें कलम सांगतें कीं, विद्यापीठ नसलेल्या उच्च शिक्षणाच्या संस्थेस त्या कायद्यापुरतें विद्यापीठ मानावें. भाषांतरांत ‘नसलेल्या’ हा भाग नाहींसा झाला आणि प्रशस्तिपत्र तेवढें उरलें ! कर्ज काढून मुलास शिकविणारा बाप पाटीवर ‘अभिमत’ वाचतो तेव्हां, ही कोणी विशेष नांवाजलेली संस्था असावी असेंच समजतो. अशा संस्थांनीं नांवांत ‘युनिव्हर्सिटी’ लावूं नये असें २०१७ सालीं बजावावें लागलें. इंग्रजी शब्द त्या वेळीं निदान तपासला तरी गेला. मराठी शब्दाकडे कोणी पाहिलें आहे असें दिसत नाहीं.

‘मानीव विद्यापीठ’ म्हटल्यानें संस्थेस कमीपणा येतो, असा आक्षेप निघेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेस हा दर्जा १९५८ सालीं मिळाला. तिला मानीव म्हटल्यानें तिच्या प्रयोगशाळांत काय उणें पडणार आहे ?