खालच्या जबड्याचा ‘विस्तार’ : एका संज्ञेची चिकित्सा

दात गेल्यानंतर जबड्याचा कंगोरा झिजू लागतो, आणि ही झीज उंचीपेक्षा रुंदीत अधिक जाणवते. खालच्या जबड्याच्या मागील भागात पुष्कळदा 3 ते 4 मिलिमीटर रुंदीची धार तेवढी शिल्लक राहते. 4 मिलिमीटर व्यासाचे इम्प्लांट बसवून त्याच्या दोन्ही अंगांस दीड-दीड मिलिमीटर हाड राखावयाचे, तर 7 मिलिमीटर रुंदी हवी. ही तूट भरून काढण्याच्या एका शस्त्रक्रियेस ‘कंगोऱ्याचा विस्तार’ हे नाव रूढ झाले आहे. खालच्या जबड्याच्या बाबतीत हे नाव वस्तुस्थितीचे वर्णन करते काय, हा खरा प्रश्न आहे.

या कल्पनेचा उगम पाहिला पाहिजे. समर्स यांनी 1994 मध्ये ओस्टिओटोमची जी पद्धत मांडली, तिच्या शीर्षकातच वरच्या जबड्याचा उल्लेख आहे. वरच्या जबड्याचे हाड बहुधा सच्छिद्र. त्यावरील संहत अस्थीचे कवच पातळ. असे हाड कोरून बाहेर टाकण्याऐवजी बाजूस दाबले असता ते दबते, घट्ट होते आणि इम्प्लांटला धरून ठेवते. येथे ‘विस्तार’ हा शब्द पुष्कळसा सार्थ ठरतो. पुढे हाच शब्द, त्याच आत्मविश्वासासह, खालच्या जबड्यास लावण्यात आला. आणि घोटाळ्यास तेथूनच प्रारंभ झाला.

संहत अस्थी ताणली असता मूळ लांबीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आतच तुटते. 3 मिलिमीटरची धार 7 मिलिमीटर होते ती अर्थातच ताणून नव्हे. हाड मधोमध चिरले जाते, आणि बाहेरचे पटल तळाच्या बिजागरीवर फिरून दूर होते. वरच्या जबड्यात ही बिजागरी हिरव्या फांदीसारखी लवते. खालच्या जबड्यात ती वाळल्या फांदीसारखी मोडते, आणि कोठे मोडेल याचा नेम नसतो. पटल सुटे झाले व त्यावरील अस्थ्यावरणही अगोदरच सोलून काढलेले असले, तर रक्तपुरवठा तुटून ते पटल मरते. वाढत्या वयात खालच्या जबड्याचे पोषण अस्थ्यावरणावर अधिकाधिक विसंबते. म्हणून ही हानी गौण मानता येत नाही. शिवाय ओठास संवेदना पुरविणारा मज्जातंतू त्याच हाडातून जातो, याचा विसर पडता कामा नये.

एनिस्लिडिस व त्यांचे सहकारी यांनी 2006 मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटते. प्रथम बाहेरच्या पटलास चौफेर छेद देऊन हिरडी परत शिवावयाची. काही आठवड्यांनी, अस्थ्यावरण पटलास पुन्हा चिकटल्यावर, ते न सोलता पटल दूर सारावयाचे. तळाचा छेद देताना अस्थिभंगाची जागा शल्यविशारद स्वतःच ठरवितो. म्हणजे हा विस्तार नव्हेच. तो योजून केलेला आणि रक्तपुरवठा राखलेला अस्थिभंग आहे. तसे उघड म्हटल्याने पद्धतीचे मोल यत्किंचितही उणे होत नाही. उलट, अशा प्रसंगी कशाचे रक्षण करावयाचे हे विद्यार्थ्यास चटकन उमगते. स्वनातीत कंपनांनी हाड कापणाऱ्या उपकरणाने, ज्याचा या कामी उपयोग व्हर्सेलोत्ती यांनी 2000 मध्ये वर्णिला, छेद बारीक व सुरक्षित झाला खरा; पण हाडाचा स्वभाव त्यामुळे बदलला नाही.

उलट फिरवून हाड घट्ट करणाऱ्या नव्या बर्‌विषयीही तारतम्य हवे. ह्युवाइस व मेयर यांचा 2017 चा बहुचर्चित प्रयोग डुकराच्या नडगीच्या हाडावर झाला होता. तेथील सच्छिद्र हाडाला दबण्यास जागा असते. खालच्या जबड्याच्या संहत हाडात ती नसते. जेथे पोकळीच नाही तेथे दाबून घट्ट काय करणार? अशा हाडात दाब वाढविला की उष्णता वाढते. 47 अंश सेल्सिअसची उष्णता एक मिनिट लागली तरी हाडास इजा पोहोचू शकते, हे एरिकसन व आल्ब्रेक्टसन यांनी सशांवरील प्रयोगांनी 1983 मध्येच दाखविले होते.

या विषयावरील वाङ्मयाचा सर्वांत मोठा दोष यशाच्या मोजमापात आहे. इम्प्लांट टिकले की शस्त्रक्रिया यशस्वी, असा हिशेब बहुधा मांडला जातो. परंतु इम्प्लांट आतील बाजूच्या जाड हाडाच्या आधारानेही टिकू शकते, आणि तेवढ्या काळात बाहेरचे पटल विरून गेलेले असू शकते. ज्या पटलासाठी एवढा खटाटोप केला त्याची जाडी वर्षाने किती उरली, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी किती पटले मोडली, हे आकडे प्रत्येक वृत्तान्तात वरचा व खालचा जबडा वेगळा करून दिले गेले पाहिजेत. दोहोंची एकत्र सरासरी काढली की वरच्या जबड्याचे यश खालच्या जबड्याच्या खात्यावर जमा होते.